पहिल्या आखाडातला पासपोर्ट

आखाड लागला की मला एका जागी बसवत नाही. पेरणी आटोपलेली असते, निंदणाची घाई असते, हाताला काम कमी नसतं. पण वाफ्याच्या टोकाला गेलो की विहिरीकडं जावंसं वाटतं, विहिरीवर गेलो की घरी काही राहिलं असं वाटतं, आणि घरी आलो की मळा हाक मारतो. माझ्या लेकीची, वच्छीची माय म्हणते, बसा नं जरा, पाय हायेत का भोवरा. मी बसतो. बसलो की कान स्टेशनाकडं लागतात. जऊळक्याचं स्टेशन आमच्या मळ्याला लागूनच आहे. आभाळ भरलेलं असलं की गाडीचा आवाज जमिनीतून आल्यासारखा येतो, आणि कोणी यायचं नसतं तरी मी पागोटं डोक्यावर ठेवतो.

काल पलीकडच्या मळ्यातली यंदाच लग्न झालेली लेक छकड्यातून माहेरी आली. चिखलात उतरताना एका हातानं लुगडं आणि एका हातानं हसू सावरत होती. आमच्याकडं लग्नानंतरचा पहिला आखाड सून सासरी काढत नाही. त्या महिन्यात सासूनं सुनेचं आणि सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर सासूच्या जिवावर येतं, असं मानतात. हे कोणी ठरवलं ते कोणी सांगत नाही. मी माझ्यापुरता हिशेब लावून पाहिला आहे. ऐन निंदणात घरातले दोन हात कमी करायचे, यात सासरचा तोटाच आहे. तेव्हा हा नियम सासरच्यांनी काढलेला नसणार. तो कोण्या बापानं काढला असेल, आणि सासूच्या जिवाची भीती घालून पाळायला लावला असेल.

आमच्या वच्छीचा पहिला आखाड या जर्मनच्या लढाईच्या आधीचा. तिचं लग्न वैशाखात झालं. जावई गणपतराव वाशिमला जिनिंगमध्ये फिटर होते. वडील लहानपणीच गेलेले, भाऊबहीण कोणी नाही, घरी एकटी माय, सरस्वताबाई. गणपतराव बोलायला कमी, पण सरकी काढायचं यंत्र बिघडलं की कान लावून ऐकायचे आणि कुठं अडलं ते सांगायचे. त्यांच्या शेठचे कोणी नातलग आफ्रिकेत, युगांडात होते. तिथंही कापूस, तिथंही जिनिंग, आणि फिटर मिळत नव्हता. तिकडून बोलावणं आलं होतं. हे आमच्यापासून कोणी लपवलं नाही. सोयरीक जुळली तेव्हाच आम्हाला ठाऊक होतं. आफ्रिका लांब आहे एवढं कळत होतं. पण माझं लांब म्हणजे भाजीच्या टोपल्या सकाळच्या गाडीत चढवल्या की त्या जिथं उतरतात ते वाशिम. त्यापुढचं अंतर मला डोक्यात धरता येत नसे. समुद्र मी पाहिलेला नाही.

तिकडच्या सरकारचा कामाचा परवाना आला. त्यात बायकोसकट यायची मुभा होती, पण दिवाळीच्या आत तिथं उतरायला हवं होतं. इकडून निघायला आपल्या सरकारचा पासपोर्ट लागायचा. नवरा-बायकोचा एकच निघायचा, त्यावर दोघांचा फोटो. त्यासाठी ज्येष्ठात आम्ही अकोल्याला गेलो. फोटोवाल्यानं वच्छीला पदर कपाळावरून मागं घ्यायला सांगितलं. तिनं बोटभर घेतला. तो म्हणाला, अजून. तिनं अजून बोटभर घेतला. असं चारदा झालं, तेव्हा कुठं तिचे कान दिसायला लागले. तेवढा वेळ गणपतराव छताकडं पाहत होते आणि मी दाराच्या बिजागरीकडं. तो फोटो मी पुढं पाहिला. दोघंही असे दिसतात, जसं आत्ताच कोणी त्यांच्यावर रागावून गेलं आहे.

आखाड लागायच्या आदल्या दिवशी मी तिला घरी आणली.

त्या दिवसांचं आठवतं ते असं तुकड्यातुकड्यानं. ओल्या सरपणाचा धूर घरात कोंडलेला. आखाडातल्या तेलच्यांचा, गोड पुऱ्यांचा गूळ कढईच्या काठाला जळलेला. कारल्याच्या मांडवाखाली हिरवट उजेड, आणि त्या उजेडात वच्छी बूट घालून फिरते आहे. गणपतरावांनी तिला किरमिचाचे, जाड कापडाचे बूट घेऊन दिले होते. तिकडं मातीत एक किडा असतो, तो पायाच्या बोटात शिरून घर करतो, म्हणून अनवाणी चालायचं नाही, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. आमच्या पोरीनं जन्मात पायात काही घातलं नव्हतं. आमची काळी माती ती. पावसात पाय घातला की सोडत नाही. चार पावलं टाकली की बूट मागं राहायचा आणि पोरगी पुढं. निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून पाहत बसायच्या. एकीनं म्हटलं, वच्छे, आफ्रिकेत जाऊन राह्यली का चिखलात पेरून घेऊन राह्यली स्वताले. वच्छी हसली नाही. बूट उपसला, पाणी ओतलं, पुन्हा पाय घातला.

ती एका जागी बसत नसे. कारली अजून बोटाएवढी असताना तोडून आणायची. दळायला बसली की अर्ध्यात उठून दाराशी जायची. मायनं हाक मारली तर ओ द्यायची आणि जायची दुसरीकडंच. माझी आताची खोड तिच्याकडून आली आहे की तिची माझ्याकडून गेली होती, ते सांगता येणार नाही.

आणि त्याच पंधरवड्यात वाशिमच्या घरी पासपोर्टाची चौकशी आली.

चौकशीचा साहेब जबलपूरकडचा, नवीनच बदलून आलेला. त्यानं सरस्वताबाईंना विचारलं, सून कुठं आहे. त्या म्हणाल्या, इथं नाही, बापाच्या घरी आहे. काहून, तर आखाड आहे म्हणून. कधी येणार, तर आखाड सरला की. साहेबाला हे काही उमजेना. बरोबरच्या शिपायानं त्याला रीत समजावून सांगितली. त्यावर तो म्हणाला, "हमारे यहाँ तो सावन में मायके जाती हैं। असाढ़ में कौन जाता है?" आणि त्यानं लिहून टाकलं की बायको नवऱ्याजवळ राहत नाही. झालं. गणपतरावांना एकट्याचा पासपोर्ट लगेच मिळणार होता. वच्छीचं नाव गळणार होतं.

हे सांगायला गणपतराव दुपारच्या गाडीनं आले. पहिल्या आखाडात जावयानंही सासुरवाडीचा उंबरा ओलांडायचा नाही, ती रीत मोडू नये म्हणून घरात आले नाहीत. मळ्याच्या बांधावर, बाभळीखाली उभे राहिले. मी तिथंच गेलो. त्यांनी सगळं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाले की मामाजी, मी पुढं जातो, तिथं बस्तान बसवतो, आणि वर्षाच्या आत तिला बोलावून घेतो. केनवडचा एक माणूस आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढं होता. तोही फिटरच. असाच पुढं गेला होता, आणि असाच बोलावणार होता. त्याची बायको सहा महिने सासरी आणि सहा महिने माहेरी अशी करत पिकून गेली. ती विधवा नव्हती आणि नांदतीही नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बाया भांडायच्या.

मांडवाच्या वेलांआडून आवाज आला. "मी मांगून येनार नाई. न्यायचं असन तं संगं न्या. नाई तं तुमीबी जाऊ नका."

बापासमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. गणपतराव आणि मी, दोघंही कारल्यांकडं पाहत राहिलो. कारली त्या वर्षी चांगली धरली होती.

वच्छीच्या मायचं म्हणणं निराळं होतं. तिनं रात्री भाकरी वाढताना विचारलं की नाही गेली तर काय बिघडतं. वाशिमला राहील, आखाडाला येईल, दिवाळीला येईल, बाळंतपणाला येईल. यात खोटं काय होतं? मला दोन्ही बाजूंचं वजन सारखंच वाटायचं, आणि सारखं वजन घेऊन माणूस नीट चालू शकत नाही. मी तेव्हा विहिरीच्या धावेवर विनाकारण फेऱ्या घालायचो. मोट सुटलेली असायची, बैल रवंथ करत माझ्याकडं पाहायचे.

गावात बाया म्हणू लागल्या की विहीणबाईनं हे मुद्दाम केलं. एकुलतं पोर लांब चाललेलं. सून मागं राहिली तर दोर हातात राहतो. बोलायला सोपं होतं. साहेबानं काय विचारलं आणि त्या काय बोलल्या हे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सून घरी नव्हतीच. पण अक्षर खरं असलं तरी त्यामागं मन कसं होतं, ते मला सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर एका विधवा बाईनं असं मन केलं असतं, तरी तिला नावं ठेवायला माझी जीभ उचलली नसती.

गुरुपौर्णिमा झाल्यावरच्या सोमवारी मी टोपल्या बाजारात उतरवून कचेरीत गेलो. दुपार झाली तरी साहेब जेवायला उठला नव्हता. शिपाई म्हणाला, साहेबाचा उपास आहे, सावन सोमवार. मला आधी नवल वाटलं. आमचा श्रावण अजून अमावास्येपलीकडं होता. मग उमगलं. त्यांच्याकडं पौर्णिमेला महिना संपतो, आपल्याकडं अमावास्येला. आमचा आखाड अर्धा उरलेला असताना त्यांचा सावन लागून गेला होता.

मी आत गेलो आणि माझ्या बाजारातल्या हिंदीत म्हणालो, "साहब, आपका सावन लग गया। अब तो लड़की मायके में ठीक है ना?"

साहेब माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. हसल्यावर तो बराच लहान दिसायला लागला. त्याचीही कोणी त्या महिन्यात माहेरी गेली असावी. पण कागद पंचांगावर चालत नाहीत, असं तो म्हणाला. येत्या गुरुवारी तो पुन्हा घरी येणार होता. सून त्या घरात दिसली पाहिजे, आणि ती इथं राहत नाही असं जिनं सांगितलं होतं, त्या सासूनंच तिला समोर ओळखून जबानी बदलली पाहिजे. शुक्रवारी तो दौऱ्यावर निघणार होता आणि कागद अकोल्याला जाणार होते.

गुरुवारी आमचा आखाडच होता.

तोड काढली ती रहीमचाचांनी. सरस्वताबाईंच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, शिंप्याचं काम. गणपतरावांचे वडील गेल्यावर त्या घराकडं त्यांनीच पाहिलं होतं. ते म्हणाले, कपडा धरू. लग्नात अंतरपाट धरता, तसाच. अल्याड सासू, पल्याड सून, आणि साहेब मधोमध बसून दोघींना पाहील. गुरुवारी सरस्वताबाईंच्या घरात मांजरपाटाचा न कापलेला ताका त्यांनी घरून आणला. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. हात वर धरून उभं राहिलं की अंगात कळ भरते, पण चाचांची जीभ चालूच होती. म्हणाले, शादीत कपडा धरला तवा दोघंबी पाहाले उतावीळ होते. आज दोघी पाहू नये म्हनून धरून राह्यलो. माहा जलम कपडा नापन्यात गेला, हे काम पहिल्यांदाच. मग सरस्वताबाईंकडं वळून म्हणाले, भाबी, साहेबाच्या हिशेबानं तं सावन लागला. मंग आखाड कायचा?

सरस्वताबाई म्हणाल्या की साहेबाचं साहेबापाशी, त्यांचा आखाड त्यांना माहीत आहे.

साहेब आला. खुर्ची शेजाऱ्यांची होती आणि एका पायानं आखूड होती, त्यामुळं तो थोडा डोलत होता. त्यानं पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. एका बाजूला सरस्वताबाई, दुसऱ्या बाजूला वच्छी, तिच्यामागं गणपतराव. त्यानं विचारलं, तिकडं बसली आहे ती तुमची सून का?

हो म्हणायचं एवढंच होतं. चाचांनी भुवयांनी खुणावलं.

"कोनतरी बसली हाये," सरस्वताबाई म्हणाल्या. "बांगड्या वाजून राह्यल्या. पन म्या पाह्यली नाई, तं कशी सांगू?"

साहेबानं फोटो पुढं केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि परत दिला. हे चित्र आहे, यात मला समजत नाही, म्हणाल्या. चाचा कुजबुजले की नुसतं हो म्हणा, कोण विचारतं. त्यावर त्या शांतपणे बोलल्या, चिडल्या नाहीत. "त्या दिवशी नाई म्हनलं ते खरं होतं. आज हो म्हनीन, तेबी खरंच पाह्यजे." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "इवाई, खाली घ्या तो कपडा."

माझे हात खाली येईनात. पलीकडून वच्छीचा आवाज आला. इतके दिवस चिखलात बूट घालून चालणारी, मागून येणार नाही म्हणणारी माझी पोर, ती म्हणाली, "नको, आत्याबाई. राहू द्या. मी नाई जात."

सरस्वताबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. पडद्यापाशी आल्या, आणि भाकरी थापावी तसा तळहात ठेवून त्यांनी तो कपडा खाली दाबला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. वच्छीनं डोळे मिटून घेतले होते. त्यांनी तिच्या हनुवटीला हात लावला, तेव्हा उघडले.

"हे माही सून," त्या साहेबाला म्हणाल्या. "वच्छला. वैशाखात म्याच घरात घेतली. माह्या पोराजवळ राह्यते, अन् त्याच्याच संगं जाईन."

साहेबाला आमची बोली किती समजली असेल कोण जाणे. त्यानं पुढं एकही प्रश्न विचारला नाही. बराच वेळ मान खाली घालून लिहीत होता, आणि जाताना जोडे त्यानं उंबऱ्याबाहेर नेऊन घातले.

श्रावण सरायच्या आत पासपोर्ट आला. भादव्यात दोघं मुंबईला जाऊन बोटीत बसले. ते दिवस मला धड आठवतही नाहीत. पेट्या, दोऱ्या, रडणं, सगळ्यांच्या घरी असतं तसंच. त्या हिवाळ्यात सरस्वताबाईंना हिवताप झाला, तेव्हा गल्लीतल्या बाया एकमेकींना डोळ्यांनी सांगत होत्या की आखाड बाधला. पण त्या उठल्या. रहीमचाचा त्यांना चिडवायचे की भाबी, आखाड तुमाले भेला. त्या हसायच्या. बाजाराला गेलो की मी त्यांच्याकडं टोपलीतलं काही ठेवून यायचो. बोलायला विषय एकच असायचा, आणि तो लवकर संपायचा. मग लढाई लागली, बोटी बंद पडल्या. लढाई चालू असतानाच एका पौषात त्या गेल्या. गणपतराव येऊ शकले नाहीत. तोवर त्या आखाडाचं कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. मला मात्र राहून राहून वाटतं, तोंड पाहिल्यानं त्या बाईला काहीच झालं नाही. नंतर वर्षानुवर्षं तोंड पाहायला मिळालं नाही, त्यानं काय झालं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

आता लढाई संपली आहे. बोटी सुरू झाल्या म्हणतात. वच्छीला तिकडं दोन पोरं आहेत, ती आम्ही पाहिलेली नाहीत. पलीकडच्या मळ्यातली लेक आज सकाळी आमच्याकडं कढीपत्ता न्यायला आली होती. वच्छीच्या मायनं तिला उगाच बसवून ठेवलं, विचारलेलंच पुन्हा विचारलं. मी उठून विहिरीकडं गेलो.

त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं. साहेब गेल्यावर मी ताका घडी करून चाचांना दिला आणि पागोटं बांधलं. वच्छीला घेऊन मला परतायचं होतं. आखाड अजून होताच. जाऊन-येऊन अशी दोघांची तिकिटं सकाळीच काढलेली. सरस्वताबाई चुलीपाशी बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आता पाह्यलंच हाये, तं राहू द्या तिले. जाईस्तोर माह्यापाशी राहीन. मंग मले कुठं भेटनार हाये थे."

वच्छीनं माझ्याकडं पाहिलं. तिला काय हवं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला काय हवं होतं ते बहुधा माझ्या. मी म्हणालो, राहा.

संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं भरून आलेलं. मी उठून दाराशी गेलो, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो. समोरच्या माणसानं विचारलं, लांब जायचं आहे का. मी जऊळका म्हणालो, तेव्हा तो हसला.

स्टेशनावर तिकीटबाबू कंदील घेऊन उभा होता. मी खिशात हात घातला आणि जे हाताला आलं ते दिलं. त्यानं दोन्ही तिकिटं घेतली, कंदील जरा उंच केला आणि माझ्या मागं पाहिलं. "पोरगी नाई उतरली का?" त्यानं विचारलं.

मीही मागं वळून पाहिलं.